इरावती कर्वे : बर्लिनमधील विद्यार्थिदशा आणि लेखिकेची घडण

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला पुढील गोष्टी साध्य करता येतील :

• इरावती कर्वे यांच्या जीवनाचा कालानुक्रमे परिचय करून देता येईल.
• १९२८ ते १९३० या काळातील त्यांच्या बर्लिनमधील शिक्षणाचे स्वरूप सांगता येईल.
• परदेशातील विद्यार्थिजीवनाचा त्यांच्या संशोधनाशी व ललितलेखनाशी असलेला संबंध स्पष्ट करता येईल.
• एखाद्या व्यक्तीच्या चरित्रातील निर्णायक कालखंड कसा ओळखावा, याचा विचार करता येईल.

५.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्या, पाळी सांभाळून शिकणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना जर्मनी हे नाव परके वाटत नाही. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत जर्मन मोटार कंपन्यांचे कारखाने आहेत. या भागात जर्मन भाषेचे वर्ग चालतात. कोणाचा भाऊ, कोणाची मुलगी, कोणाचा शेजारी एखाद्या सत्रापुरता तेथील विद्यापीठात शिकून आलेला असतो. विद्यापीठाविद्यापीठांमधील करारांमुळे आज अशी देवाणघेवाण पुष्कळ सुलभ झाली आहे. परत आलेला विद्यार्थी जे सांगतो त्यात वर्गातल्या व्याख्यानांपेक्षा इतर गोष्टीच अधिक असतात : भाड्याची खोली, थंडी, पावाचे जेवण, वेळेवर येणारी गाडी, रात्री उशिरापर्यंत जागे असणारे रस्ते आणि आपण येथे कोण आहोत हा अधूनमधून पडणारा प्रश्न.

हा प्रश्न नवा नाही. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी फिलाडेल्फियाला गेल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. या प्रत्येकाच्या बाबतीत परदेशातील वास्तव्य म्हणजे केवळ पदवी मिळवण्याची मुदत नव्हती. आपल्या समाजाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी त्या वास्तव्यात बदलली वा पक्की झाली. याच परंपरेतील एक महत्त्वाचे नाव इरावती कर्वे यांचे आहे. मानववंशशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ आणि मराठी ललित निबंधाला नवे वळण देणाऱ्या लेखिका म्हणून आपण त्यांना ओळखतो. प्रस्तुत घटकात त्यांचे जीवन पाहताना बर्लिनमधील दोन वर्षांवर विशेष भर दिला आहे. त्या दोन वर्षांत त्यांच्यासमोर जो पेच उभा राहिला, त्याचे उत्तर त्यांनी ज्या रीतीने दिले, त्यातून त्यांच्या पुढील लेखनाची वाट समजते.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ बालपण आणि शिक्षण

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील म्यिंजान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे नोकरीस होते. ब्रह्मदेशातून वाहणाऱ्या इरावती नदीचे नाव मुलीला देण्यात आले. भावंडांत ती एकटीच मुलगी. वयाच्या सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेच्या शाळेत पाठवण्यात आले. आईवडील समुद्रापलीकडे आणि मुलगी वसतिगृहात, अशी ही सुरुवात होती. घरापासून दूर राहून शिकणे ही गोष्ट इरावतीबाईंच्या आयुष्यात बर्लिनच्या फार आधी आली होती, हे ध्यानात ठेवावे.

शाळेत त्यांची मैत्री शकुंतला परांजपे यांच्याशी झाली. शकुंतलाबाई रँग्लर र. पु. परांजपे यांच्या कन्या. रँग्लर परांजपे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि १८९९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या गणित परीक्षेत सर्वप्रथम येणारे पहिले भारतीय म्हणून त्यांची कीर्ती होती. परांजपे कुटुंबाने इरावतीला आपल्या घरी मुलीप्रमाणे वाढवले. बुद्धिवाद, वाचन आणि मोकळी चर्चा हे त्या घरातील रोजचे वातावरण होते. एकीकडे करमरकरांच्या घरातील पारंपरिक संस्कार आणि दुसरीकडे परांजप्यांच्या घरातील निरीश्वरवादी शिस्त, असे दोन्ही प्रवाह त्यांच्या मनात शेजारी शेजारी राहिले. पुढे महाभारत आणि कवटीमापन या दोन्ही विषयांत त्या सारख्याच रमल्या, याचे मूळ येथे शोधता येते.

१९२६ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान विषय घेऊन त्या पदवीधर झाल्या. दक्षिणा फेलोशिप मिळाल्यावर मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी समाजशास्त्राचा अभ्यास केला. चित्पावन ब्राह्मण हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. १९२८ मध्ये त्यांना एम. ए. ही पदवी मिळाली. स्वतः ज्या जातीत जन्मलो, तिच्याकडेच अभ्यासविषय म्हणून पाहण्याचा हा पहिला सराव होता.

याच काळात त्यांचा विवाह दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झाला. दिनकरराव हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र. जर्मनीत रसायनशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन ते परतले होते आणि फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन करीत होते.

५.३.२ परदेशगमनाचा निर्णय

विवाहित स्त्रीने पतीला मागे ठेवून, एकटीने, डॉक्टरेटसाठी परदेशी जाणे ही १९२८ मधील पुण्यात सहज घडणारी गोष्ट नव्हती. ज्या घराने विधवांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले त्या घरातही या निर्णयाचे स्वागत झाले नाही. महर्षी कर्वे यांना तो पसंत नव्हता. दिनकरराव मात्र आग्रही राहिले. खर्चासाठी डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेण्यात आले आणि नोव्हेंबर १९२८ मध्ये इरावतीबाई जर्मनीला गेल्या.

या तपशिलाकडे आपण थोडे थांबून पाहू. प्रौढ वयात शिकणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना तो ओळखीचा वाटेल. शिक्षणाचे सार्वजनिक समर्थन करणारी माणसेही स्वतःच्या घरातील सुनेच्या वा पत्नीच्या शिक्षणाच्या वेळी साशंक होतात. अशा वेळी घरातील एका माणसाचा ठाम पाठिंबा निर्णायक ठरतो. कर्ज काढून शिकणाऱ्यास प्रत्येक महिन्याचा हिशेब ठेवावा लागतो आणि रिकाम्या हाताने परतण्याची मुभा नसते. बर्लिनमध्ये इरावतीबाईंवर पुढे जो प्रसंग आला, तो या कर्जाच्या आणि घरच्या विरोधाच्या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे.

५.३.३ दिवसाचे बर्लिन

पुणे विषुववृत्ताच्या उत्तरेस साधारण साडेअठरा अंशांवर, तर बर्लिन साडेबावन्न अंशांवर आहे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तेथे दुपारी चारच्या सुमारास अंधारून येते. हिवाळ्यात सूर्य कित्येक दिवस दिसतच नाही. पुण्याच्या उन्हात वाढलेल्या माणसाला थंडीपेक्षाही हा प्रकाशाचा दुष्काळ अधिक जाचतो. त्या काळी परदेशी विद्यार्थी बहुधा एखाद्या घरमालकिणीकडे खोली भाड्याने घेऊन राहत. कोळशाची शेगडी, जाड पिसांची दुलई, सकाळी पाव आणि कॉफी, दुपारी बटाटे आणि कोबी असा त्या शहरातील सामान्य माणसाचा क्रम होता. घरमालकीण ही परक्या विद्यार्थ्याची पहिली भाषाशिक्षिका असे. व्याकरणाच्या पुस्तकात नसलेली जर्मन भाषा तिच्या स्वयंपाकघरात शिकायला मिळे.

इरावतीबाईंचे अध्ययनस्थान शहराच्या नैर्ऋत्येला डालेम या शांत, झाडीने वेढलेल्या उपनगरात होते. मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता व सुप्रजननशास्त्र यांसाठीची कैसर विल्हेल्म संस्था तेथे १९२७ मध्ये सुरू झाली होती. म्हणजे इरावतीबाई गेल्या तेव्हा ती जेमतेम वर्षभराची होती. संस्थेचे संचालक प्रा. ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक. मानववंशशास्त्राबरोबर तत्त्वज्ञान, संस्कृत आणि प्राणिशास्त्र हे विषयही त्यांनी अभ्यासले.

त्यांच्या प्रबंधाचा विषय मानवी कवटीतील असममिती हा होता. माणसाच्या कवटीची डावी व उजवी बाजू वरवर पाहता सारखी दिसते. प्रत्यक्षात त्यांत थोडा फरक असतो. हा फरक किती, कोणत्या भागात आणि कोणत्या मानवसमूहात अधिक, हे मोजून ठरवायचे होते. काम अतिशय चिकाटीचे. एक कवटी घ्यायची, ठरावीक बिंदू निश्चित करायचे, मापनाच्या चिमट्याने डावीकडील व उजवीकडील अंतरे घ्यायची, नोंद करायची आणि पुढची कवटी घ्यायची. अशा १४९ कवट्या त्यांनी अभ्यासल्या. त्यांत युरोपीय लोकांच्या कवट्या होत्या, तशाच जर्मनीच्या पूर्वीच्या वसाहतींतून आणलेल्याही होत्या. त्या वसाहतींतील माणसांची संमती कोणी घेतली नव्हती. एका वसाहतीतून आलेली विद्यार्थिनी दुसऱ्या वसाहतीतील मृतांची मापे घेत होती, हे या दृश्यातील विदारक सत्य आपण नजरेआड करू नये.

५.३.४ रात्रीचे बर्लिन

डालेमची संस्था संध्याकाळी शांत होत असे, तेव्हा भुयारी रेल्वेने थोड्या अंतरावर असलेले शहर जागे होत असे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनची लोकसंख्या ४० लाखांहून अधिक होती आणि विजेच्या दिव्यांनी झगमगणारे युरोपातील एक प्रमुख शहर म्हणून त्याची ख्याती होती. कुरफ्युर्स्टनडाम या रस्त्यावरील कॅफे, चित्रपटगृहे आणि नृत्यगृहे मध्यरात्रीनंतरही भरलेली असत. जाझ संगीताची लाट आली होती. ऑगस्ट १९२८ मध्ये रंगभूमीवर आलेले ब्रेख्त व वाइल यांचे 'थ्री पेनी ऑपेरा' हे संगीतनाटक शहरभर गाजत होते. त्यावरूनच पुढे पु. ल. देशपांडे यांनी 'तीन पैशाचा तमाशा' लिहिले. मूकपट जाऊन बोलपट येण्याचा संधिकाल होता. १९१८ मध्ये स्त्रियांना मताधिकार मिळाला होता. केस आखूड कापलेल्या, नोकरी करणाऱ्या, रात्री एकट्या घरी परतणाऱ्या तरुणी हे तेथील नित्याचे दृश्य होते. संध्याकाळी दिवेलागणीनंतर बाईमाणसाने रस्त्यावर असणे हा जेथे चर्चेचा विषय होई, अशा पुण्यातून आलेल्या तेवीस वर्षांच्या विद्यार्थिनीभोवतीचे हे जग होते.

या झगमगाटाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पोट्सडामर चौकातील 'हाउस फाटरलांड' हे प्रचंड विलासगृह १९२८ मध्ये नव्याने सुरू झाले होते. त्यात एका दालनात तुर्की कॅफे, दुसऱ्यात अमेरिकन गुराख्यांचा बार, तिसऱ्यात ऱ्हाइन नदीकाठचा देखावा आणि कृत्रिम वादळ अशी योजना होती. गिऱ्हाइकाने एका रात्रीत जग फिरून यावे, अशी ती कल्पना. जर्मनीतील प्राणिसंग्रहालयांतून आशिया-आफ्रिकेतील माणसांची प्रदर्शनेही भरवली जात. म्हणजे दिवसा संशोधनसंस्थेत वंशांची वर्गवारी कवट्यांच्या रूपाने कपाटात मांडलेली आणि रात्री करमणुकीच्या रूपाने तिकीट लावून मांडलेली, असे ते शहर होते. परदेशी विद्यार्थ्याला दोन्ही ठिकाणी आपण बघणारे आहोत की बघितले जाणारे, हे ठरवणे सोपे नसते. साडी नेसून फिरणाऱ्या स्त्रीला तर नाहीच.

त्याच रस्त्यांवर राजकारणही उतरले होते. मे १९२९ मध्ये कामगारदिनाच्या मोर्चावरील बंदीमुळे पोलीस आणि कामगार यांच्यात चकमकी झाल्या आणि गोळीबारात तीसहून अधिक माणसे मारली गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि जर्मनीत बेकारी झपाट्याने वाढली. सप्टेंबर १९३० च्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षाचे प्रतिनिधी १२ वरून १०७ वर गेले. इरावतीबाईंचे बर्लिनमधील वास्तव्य नेमके या उताराच्या काळातले. त्याच सुमारास, १९२९ मध्ये, राममनोहर लोहिया बर्लिनला शिकण्यासाठी आले. भारतीय विद्यार्थ्यांची, देशभक्तांची लहानशी वसाहत शहरात होती आणि स्वातंत्र्यचळवळीच्या बातम्या तेथे पोहोचत होत्या. ऐन भरात असलेले मुक्त नागरी जीवन आणि त्याला लागलेली कीड, दोन्ही एकाच वेळी दिसावीत असे ते दिवस होते.

५.३.५ प्रबंधाचा निष्कर्ष

आता मुख्य पेचाकडे वळू. फिशर हे त्या काळातील वंशशास्त्रातील मोठे नाव. आफ्रिकेच्या नैर्ऋत्य भागातील मिश्रवंशीय लोकांवरील त्यांचा ग्रंथ १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. गोऱ्या युरोपीय माणसाच्या कवटीत असममिती अधिक असते, कारण त्याच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग अधिक वाढलेला असतो, आणि ही वाढ श्रेष्ठ बुद्धीची खूण होय, असे त्यांचे गृहीतक होते. विद्यार्थिनीने मापे घेऊन या गृहीतकाला आधार पुरवावा, अशी अपेक्षा होती.

मापांनी तसा आधार दिला नाही. असममिती सर्वच समूहांत आढळली. वंश आणि असममिती यांचा संबंध दिसला नाही. संशोधक विद्यार्थ्याच्या आयुष्यातील हा कठीण क्षण असतो. मार्गदर्शक संस्थेचा प्रमुख, विद्यार्थिनी परदेशी व स्त्री, डोक्यावर कर्ज आणि घरी उत्तर देण्याची जबाबदारी. आकडे थोडे मुरडून, एखादा शब्द मवाळ करून सर्वांचे समाधान करता आले असते. इरावतीबाईंनी जे मोजले तेच लिहिले. प्रबंधाला वरची श्रेणी मिळाली नाही, पदवी मात्र मिळाली. १९३० मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि त्यांचा जर्मन भाषेतील प्रबंध १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढे काय घडले हे माहीत असल्याने या निष्कर्षाचे मोल आपल्याला अधिक जाणवते. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यानंतर फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या संस्थेने सक्तीच्या नसबंदीच्या धोरणाला शास्त्रीय प्रतिष्ठा पुरवली आणि युद्धकाळात तिचे धागे आउश्वित्झच्या छळछावणीपर्यंत पोहोचले. १९३० मध्ये हे भविष्य कोणालाच दिसत नव्हते. इरावतीबाईंसमोर फक्त कवट्या, चिमटा आणि नोंदवही होती. प्रामाणिकपणाची कसोटी बहुतेकदा अशाच साध्या जागी लागते. त्या वेळी तिचा पुढचा अर्थ दिसत नसतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न १

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. इरावतीबाईंना त्यांचे नाव कशावरून मिळाले?
२. मुंबई विद्यापीठात त्यांचे मार्गदर्शक कोण होते?
३. त्यांनी किती कवट्यांचा अभ्यास केला?
आ) फिशर यांचे गृहीतक आणि इरावतीबाईंचा निष्कर्ष यांतील फरक पाच-सहा ओळींत लिहा.

५.३.६ परतल्यानंतरचे कार्य

भारतात आल्यावर १९३१ ते १९३६ या काळात त्यांनी मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या कुलसचिव म्हणून काम पाहिले. प्रशासनात त्यांचे मन रमले नाही. १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात समाजशास्त्राच्या प्रपाठक म्हणून त्या रुजू झाल्या आणि निवृत्तीपर्यंत तेथेच राहिल्या. गावोगाव हिंडून माणसांची मापे, रक्तगट, नातेसंज्ञा, ओव्या आणि चालीरीती यांचे संकलन त्यांनी केले. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया यांच्यासमवेत गुजरातमधील लांघणज येथील उत्खननातही त्यांनी भाग घेतला.

'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' हा १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ त्यांचे सर्वांत मोठे शास्त्रीय कार्य मानला जातो. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने हा ग्रंथ विशेष आहे. उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व अशा भाषिक विभागांनुसार नातेसंबंधांची मांडणी करताना त्यांनी नातेवाचक शब्दांना पुराव्याचे स्थान दिले. मामेबहिणीशी विवाह काही समाजांत मान्य आहे; उत्तरेत तो निषिद्ध आहे. अशा शब्दांतून आणि नियमांतून महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण यांच्यामधला सांधा कसा आहे, हे त्यांनी दाखवले. जातीच्या उत्पत्तीविषयी त्यांनी गुरू घुर्ये यांच्याहून वेगळे मत मांडले : कुंभार वा कुणबी यांसारख्या एका नावाखाली मोडणाऱ्या जाती एकाच मूळ गटाच्या फाळण्या नसून स्वतंत्र उगमाचे गट असू शकतात. बर्लिनमध्ये गुरूच्या मताविरुद्ध गेलेली विद्यार्थिनी मुंबईच्या गुरूच्या बाबतीतही त्याच मार्गाने गेली, असे म्हणता येईल.

येथे एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. शरीरमापनाची जी पद्धत त्या जर्मनीत शिकल्या, ती त्यांनी दीर्घकाळ वापरली. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्यासह महाराष्ट्रातील लोकांच्या शरीरमापनाचा अभ्यास त्यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केला. नाकाकपाळांच्या मापांवरून जातींचा इतिहास शोधण्याची ही पद्धत पुढे मागे पडली. गृहीतक नाकारूनही साधन मात्र हाती राहते, असे ज्ञानाच्या क्षेत्रात पुष्कळदा घडते. चरित्राचा अभ्यास करताना गौरवाबरोबर अशा नोंदीही कराव्यात.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्या विकासाच्या प्रश्नांकडे वळल्या. कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्या लोकांची पाहणी त्यांनी जाई निंबकर यांच्यासह केली. महाराष्ट्रातील कारखान्यांना मिळालेल्या विजेमागे कोणाची घरे पाण्याखाली गेली, हे त्यातून समोर आले. औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी या पाहणीचा विषय तरी अवश्य लक्षात ठेवावा.

५.३.७ आळंदीची वाट

बर्लिनचा अनुभव आणि मराठी ललितलेखन यांना जोडणारा दुवा त्यांच्या 'वाटचाल' या लेखात सापडतो. ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी जातानाचा अनुभव त्यात आहे. आळंदी आणि देहू ही दोन्ही ठिकाणे आपल्या परिसरातली. आळंदी चाकणच्या वाटेवर. देहूहून निघालेली तुकारामांची पालखी आकुर्डीला मुक्काम करते. ज्येष्ठात या पालख्या निघतात तेव्हा कारखान्यांच्या भोंग्यांवर टाळमृदंगाचा आवाज मात करतो, हे आपण दरवर्षी अनुभवतो.

इरावतीबाई या वाटेवर संशोधक म्हणून चालल्या आणि वारकरी म्हणूनही. निरीश्वरवादी घरात वाढलेल्या, युरोपात शिकलेल्या बाईने दिंडीत चालावे हेच अनेकांना नवल होते. त्यांच्या नजरेला दोन गोष्टी एकदम दिसल्या. एक म्हणजे हजारो माणसांना एका सुरात बांधणारी भक्ती. दुसरी म्हणजे त्याच दिंडीत ब्राह्मणांची आणि मराठ्यांची निराळी चूल. एकत्र गाणारी माणसे जेवताना वेगळी होतात, याचे त्यांना दुःख झाले. त्यांनी मराठा स्त्रियांच्या पंगतीत बसून जेवण केले आणि त्यानंतर त्या स्त्रियांशी असलेले अंतर कमी झाल्याचे त्यांना जाणवले. लेखाच्या ओघात त्यांना महाराष्ट्राची एक व्याख्या सापडते : ज्या प्रदेशातील माणसे पंढरीच्या वारीला जातात तो महाराष्ट्र. वंश, रक्त किंवा कवटीचा आकार यांतले या व्याख्येत काहीही नाही. माणसे एकत्र येऊन काय करतात, यावर ती उभी आहे. १९३० मध्ये आकड्यांतून नाकारलेली वंशाची कल्पना त्यांनी येथे ललित गद्यातून ओलांडली आहे.

५.३.८ ललित निबंध आणि 'युगान्त'

'परिपूर्ती', 'भोवरा' आणि 'गंगाजल' हे इरावतीबाईंचे ललित निबंधसंग्रह. त्यांपैकी 'परिपूर्ती' १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. शीर्षकनिबंधात एका सभेत त्यांची ओळख करून दिली जाते. महर्षींची सून, प्राचार्यांची पत्नी अशी नात्यांची यादी वाचली जाते, पण ओळख काही पूर्ण होत नाही. नंतर रस्त्यात एक मुलगा दुसऱ्याला त्या आपल्या वर्गातील कर्व्याची आई असल्याचे सांगतो आणि यादी पुरी होते. या निबंधातील विनोद, त्यामागची तक्रार आणि तिचा हसतमुख स्वीकार हे तिन्ही एकाच वेळी चालू असतात. ज्या बाईने बर्लिनमध्ये स्वतःच्या नावावर पदवी मिळवली, तिची ओळख इतरांच्या नावांनी व्हावी, हा विसंवाद त्या ओरडून सांगत नाहीत. प्रसंग ठेवतात आणि बाजूला होतात.

त्यांच्या गद्याचे एक लक्षण भाषेच्या अंगाने सांगता येईल. वाक्ये लहान असतात. संस्कृत शब्द आणि घरगुती शब्द शेजारी येतात. निरीक्षण आधी आणि निष्कर्ष नंतर, अशी मांडणी असते. जर्मन भाषेत प्रबंध लिहिणाऱ्या व्यक्तीला लांबलचक वाक्यांची सवय लागण्याचा संभव असतो. इरावतीबाईंच्या मराठीत तिचा मागमूस नाही. परक्या भाषेत दीर्घकाळ वावरून आलेला माणूस स्वभाषेतील प्रत्येक शब्द नव्याने ऐकतो, हा परदेशी शिक्षणाचा एक दुर्लक्षित लाभ आहे.

महाभारतातील व्यक्तिरेखांवरील 'युगान्त' हा ग्रंथ १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९६८ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कुंती, गांधारी, द्रौपदी, कर्ण यांच्याकडे त्या देवत्वाचा वा खलत्वाचा शिक्का न लावता पाहतात. त्यांची कुळे, नाती, हितसंबंध आणि चुका तपासतात. वंशाच्या अभिमानातून एका कुळाचा संहार कसा होतो, हा महाभारताचा विषय. वंशश्रेष्ठत्वाच्या अभिमानाने एका राष्ट्राचे काय झाले, हे इरावतीबाईंच्या पिढीने आपल्या हयातीत पाहिले होते. 'युगान्त'मधील करुण गांभीर्याला ही पार्श्वभूमी आहे, असे मानण्यास जागा आहे.

पुण्यात त्या स्कूटर चालवत, कुंकू व मंगळसूत्र वापरत नसत आणि पतीला नावाने हाक मारत. या गोष्टींची त्या काळी चर्चा होई. ११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. कन्या गौरी देशपांडे याही पुढे मराठीतील महत्त्वाच्या लेखिका झाल्या.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न २

अ) योग्य पर्याय निवडून वाक्य पुन्हा लिहा.
१. 'युगान्त' हा ग्रंथ (१९४९ / १९५३ / १९६७) मध्ये प्रसिद्ध झाला.
२. 'वाटचाल' या लेखात (ज्ञानेश्वरांच्या / तुकारामांच्या) पालखीचा अनुभव आहे.
आ) 'वाटचाल' मधील महाराष्ट्राची व्याख्या आणि बर्लिनमधील प्रबंधाचा निष्कर्ष यांतील संबंध स्पष्ट करा.

५.४ समारोप

इरावतीबाईंच्या जीवनात बर्लिनची दोनच वर्षे आहेत. त्या दोन वर्षांत त्यांनी एक परके शहर दिवसा आणि रात्री पाहिले, एक परकी भाषा आत्मसात केली आणि एका प्रतिष्ठित कल्पनेला आपल्या मोजमापांनी नकार दिला. परत येऊन त्यांनी जर्मनीचे वर्णन करण्यात आयुष्य घालवले नाही. तेथे मिळालेली नजर त्यांनी आपल्या गावांवर, जातींवर, नात्यांवर आणि पुराणांवर रोखली. परदेशी शिकून आलेल्या व्यक्तीचे मूल्यमापन करताना तिने काय आणले यापेक्षा आणलेल्या गोष्टीने येथले काय उजळले, हे पाहावे. इरावतीबाईंच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या निबंधांत मिळते. ते निबंध आपण मुळातूनच वाचावेत, ही या घटकाची अपेक्षा आहे.

५.५ शब्दार्थ

असममिती : दोन बाजू सारख्या नसणे.
गृहीतक : पुराव्याने तपासून पाहण्यासाठी आधी मांडलेले विधान.
मानववंशशास्त्र : मानवसमूहांची शरीररचना, उगम व संस्कृती यांचा अभ्यास करणारे शास्त्र.
सुप्रजननशास्त्र : निवडक प्रजननाने मानवजात सुधारता येते असे मानणारी, आज त्याज्य ठरलेली विचारसरणी.
नातेसंज्ञा : नाते दर्शवणारा शब्द; उदा. आत्या, मामा, जाऊ.

५.६ सरावासाठी स्वाध्याय

१. इरावती कर्वे यांच्या घडणीतील परांजपे व कर्वे या दोन कुटुंबांचे स्थान विशद करा.
२. १९२८ ते १९३० मधील बर्लिनचे दिवसाचे व रात्रीचे जीवन यांचे वर्णन करून त्याचा इरावतीबाईंच्या विचारविश्वाशी संबंध जोडा.
३. इरावतीबाईंच्या शास्त्रीय कार्याचे महत्त्व व मर्यादा सांगा.
४. क्षेत्रीय कार्य : आपल्या परिसरातून शिक्षणासाठी परदेशी जाऊन आलेल्या एखाद्या व्यक्तीशी बोला. तेथील खोली, जेवण, भाषा आणि संध्याकाळचा वेळ यांविषयी प्रश्न विचारा. परतल्यावर तिला आपल्या गावातील कोणती गोष्ट प्रथमच नीट दिसली, हे जाणून घ्या आणि सुमारे ४०० शब्दांत लिहा. व्यक्तीचे नाव लिहू नये.